कडी

फेब्रुवारी. उणे एकतीस.
थंडर बेच्या इस्पितळाचं सरकतं दार उघडलं
की धुक्याची एक गुंडाळी आत येते
आणि पायपुसण्यावर विरून जाते.
बावीस वर्षं मी, राइली लेहतो, या दाराशी.
बाळंतपणं वरच्या मजल्यावर.
बाळ घरी धाडणं माझ्याकडे.

लोकांना वाटतं निरोप द्यायला आले.
मी वाकून पट्टे ओढते.
फुगीर कोट काढायला लावते,
आया रागावतात, थंडी बघा की हो बाई.
पट्टा आधी, पांघरूण वरून, मी म्हणते,
आणि खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून बघते.
चिमटीत काही आलं, तर अजून ओढा.

मग कडी.
बादलीला असते तशी,
आसनाच्या डोक्यावरून फिरणारी,
तीन-चार जागी टक् करून बसणारी.
हातात उचलली की उभी. ते कुणालाही कळतं.
पण गाडीत?

त्या मंगळवारी लायल ओनाबिगन,
शाळेची बस चालवणारा, हातमोजे दातांत धरून
बाळाचं आसन मागच्या सीटवर बसवत होता.
डेलिया शेजारी, टाक्यांमुळे अवघडून.
लाँगलॅकपर्यंत जायचं होतं, तीनशे किलोमीटर.
माझ्या तोंडून सवयीनं गेलं,
"कडी खाली. पार मागे."
त्यानं ऐकलं. बसवाले ऐकतात.
लाल दिवे वळणावर दिसेनासे झाले.

जेवणाच्या सुट्टीत वाटाण्याचं सूप, राईचा पाव.
आणि चमचा वाटीत तसाच.
आसनाच्या कुशीवर हिरवं लेबल होतं.
हिरवं.

कपाटातली पुस्तिकांची चळत उपसली.
पान एकतीस: गाडीचं चित्र, कडी उभी, बरोबरची खूण.
कडी खाली, फुली.
एका कंपनीची कडी उभी हवी,
धडक बसून आसन उसळलं
तर तीच सीटच्या पाठीला टेकून सावरते.
दुसरीची खाली हवी,
उभी राहिली तर मोडून बाळाच्या तोंडाशी येईल.
दोघींचं खरं. आणि मी बावीस वर्षांत
एकच वाक्य पाठ करून ठेवलेलं.

फोन लागेना.
तिकडे खडक आणि गोठलेलं सुपीरियर,
मध्येच रेंज मरते.
मी लाकडाचे ट्रक मोजले, न दिसणारे.
रस्त्यावरचा काळा बर्फ मोजला.
एक बाई दाराशी पट्टा धरून उभी होती,
तिला म्हटलं, थांबा, दोन मिनिटं थांबा,
आणि ती वीस मिनिटं थांबली.

निपिगनच्या पंपावर त्यानं उचलला.
"बोला बाई."
चुकले मी, म्हटलं. लेबल वाच.
दार उघडल्याचा आवाज. वारा.
त्यानं एकेक अक्षर लावून वाचलं,
जसं पोरांना वाचून दाखवत असेल.
"उभी लिहिलंय."
मग ऐकू आलं. टक्.
एक की दोन, मी विचारलं. दोन्ही बाजूंना बसते ती.
थोडं थांबून, टक्.
"दोन."
मागून डेलिया: उठवलंत ना,
आता या इथवर आणि झोपवा तुम्हीच.
आणि ते अजून नाव न ठेवलेलं पोर
पंपावरच्या गोठलेल्या हवेत
जीव तोडून रडत होतं. मी ऐकत राहिले.
कापायला पाहिजे होता फोन.

आता मी खाली म्हणत नाही, वर म्हणत नाही.
विचारते, पुस्तक कुठंय?
खोक्यात, म्हणतात. खोकं फेकलं, म्हणतात.
मग लेबल शोधतो आम्ही, गुडघ्यावर बसून,
बाप आणि मी, मोबाईलचा उजेड धरून.

रात्री सॉनात पाण्याची बादली ठेवते.
तिची लाकडी मूठ आपोआप एका बाजूला पडते.
मी ती उभी करते.
पडते.
पुन्हा करते.